कमळची चौथी अडचण

मित्रांनो, माझं वय सत्तेचाळीस आहे आणि मला जन्माला येऊन अजून पुरती चार वर्षंही झालेली नाहीत. कोड्यात बोलायची मला हौस नाही, म्हणून लगेच सांगून टाकते. मी एक जुनी कागदी बाई आहे. हात-दीड हात लांबीचा जाड कागद, त्याला वरून-खालून प्लॅस्टिकचं आवरण, डाव्या बाजूला एका बाईचा फोटो आणि उजव्या बाजूला चार चौकटी. वर ठसठशीत अक्षरांत छापलं आहे, ‘कमळ, मासळी विक्रेती, मढ’. ज्यांनी मला बनवलं ते मला ‘पर्सोना’ म्हणतात.

पर्सोना म्हणजे काय, हेही सांगते. मोबाइलवरचं ॲप बनवणारी माणसं खुर्चीत बसून काम करतात आणि ते वापरणारी माणसं भलतीकडेच असतात, कुणी बाजारात, कुणी बोटीवर, कुणी स्वयंपाकघरात. त्यांना रोज उठून भेटणं जमत नाही. म्हणून हे लोक सुरुवातीला चार-पाच जणांना भेटतात, त्यांचं बोलणं टिपून घेतात आणि त्या सगळ्यांचं मिळून एकच माणूस कागदावर उभं करतात. त्याला नाव देतात, वय देतात, सवयी देतात आणि भिंतीवर लावतात. काम करताना मान वर केली की ते माणूस समोर दिसावं आणि आपण कुणासाठी राबतो आहोत याचा विसर पडू नये, एवढाच हेतू. हेतू चांगलाच आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही.

मला बनवलं अक्षताने. ती नाहूरची. तिचे आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले होते, आणि ही नात आता मालाडच्या एका कार्यालयात ॲपची मांडणी करते. तिच्या कार्यालयाने ‘ताजी पाटी’ नावाचं ॲप काढायचं ठरवलं. मासळीवाल्या बायकांनी त्यावर आपली मासळी दाखवायची, गिऱ्हाइकांनी घरबसल्या मागवायची आणि बायकांनी ती नेऊन द्यायची. म्हणून अक्षता तीन सकाळी मढला गेली आणि पाच कोळणींना भेटली. एक बांबूंच्या मांडवावर बोंबील सुकवायची. एक बाजारात बसायची. एक कोळंबी सोलून द्यायची. एकीने धंदा सुनेच्या हातात दिला होता. आणि पाचवी होती वनमाला. ती पाटी घेऊन मालाडच्या दोन इमारतींत जायची. तिथे तिची नऊ बांधलेली घरं, म्हणजे कायमची गिऱ्हाइकं होती, अठरा वर्षांची.

त्या पाच जणींच्या वयांची बेरीज करून पाचाने भागलं, आणि माझं वय सत्तेचाळीस निघालं. गंमत बघा, त्यांच्यातली एकही बाई सत्तेचाळीस वर्षांची नव्हती.

माझा फोटो तर इंटरनेटवरून विकत आणलेला. डोक्यावर पाटी घेतलेली एक हसरी बाई. त्या पाटीत वांगी होती, म्हणून फोटो पाटीच्या खालून कापला. साडीही मढच्या बायका नेसतात तशी नव्हती. पण छान दिसत होती, असं सगळ्यांचं मत पडलं. दिसतं तसं नसतं, हे मी तेव्हापासूनच शिकले.

आता त्या चौकटींबद्दल. एका चौकटीत मी कोण, दुसरीत मला काय हवं, तिसरीत माझ्या अडचणी आणि चौथीत माझ्या तोंडचं एक वाक्य. अडचणींच्या चौकटीत चार ओळी असाव्यात, असा त्या कार्यालयाचा शिरस्ता होता. अक्षताने तीन लिहिल्या. बर्फ वेळेवर मिळत नाही. जिने चढून गुडघे दुखतात. गिऱ्हाईक घरी नसलं की फेरी फुकट जाते. चौथी काही सुचेना. रिकामी ओळ बरी दिसत नाही, म्हणून तिने आठवून पाहिलं, तर पाचही जणींकडे तिला काटा दिसलेला नव्हता. तिने लिहिलं, ‘वजनकाटा नाही’. दोनच शब्द, आणि तेही जागा भरण्यासाठी. पुढे सगळं रामायण त्या दोन शब्दांनी घडवलं.

चौथ्या चौकटीतलं वाक्य मात्र खरं होतं. ते वनमाला बोलली होती. ‘गिऱ्हाईक आधी माझं तोंड बघतं, मग मासा.’ कार्यालयाचा प्रमुख हर्षद म्हणाला होता की हे जरा नीट भाषेत लिहू या, ‘ग्राहकांसाठी विश्वास महत्त्वाचा’ असं काहीतरी. अक्षताने ऐकलं नाही. ती म्हणाली, तिचे शब्द तिचेच राहतील. मला आजही त्या हट्टाबद्दल तिचं कौतुक वाटतं.

निघताना अक्षताने वनमालाला शब्द दिला होता, तक्ता तयार झाला की पहिला तुला दाखवीन. हे मला कळलं ते अक्षतानेच सर्वेशला सांगितलं तेव्हा. सर्वेश म्हणजे तिच्या शेजारी बसून ॲपचा प्रोग्रॅम लिहिणारा. त्या दिवसापासून मी वाट बघायला लागले. मला कागदावर चढवणारे हात मी पाहिले होते, पण ज्या तोंडातून माझं एकुलतं एक खरं वाक्य आलं, ते तोंड मी कधीच पाहिलेलं नव्हतं. मित्रांनो, जिच्या शब्दांवर आपण उभे आहोत तिला एकदा डोळे भरून बघावं, एवढीच माझी आस होती.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. मला खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं होतं. खिडकीतून खाडीची तिवरं दिसायची आणि त्यांच्या पलीकडे मढची बाजू. सर्वेश सकाळी आला की विचारायचा, ‘काय कमळमावशी, आज काय ताजं?’ बैठक सुरू झाली की सगळे माझ्याकडे वळायचे. हे बटण मोठं हवं का? कमळला विचारा. ही अक्षरं वाचता येतील का? कमळला विचारा. मी फुगून बसायचे. आपल्याला कुणीतरी विचारतं, याची चटक फार लवकर लागते.

पण मला विचारायचे आणि उत्तर मात्र तेच द्यायचे. हर्षदला भडक रंग आवडत नसत, तर तो म्हणायचा कमळला एवढे रंग झेपणार नाहीत. बोलून मासळीची नावं भरायची सोय करणं सर्वेशच्या जिवावर आलं होतं, तर तो म्हणाला कमळ लाजेल, ती मोबाइलशी बोलणार नाही. मी, आणि लाजेन? मढच्या किनाऱ्यावर लिलावात उभ्या राहणाऱ्या बायकांची मी बनलेली. पण कागदाला तोंड छापलेलं असतं, उघडता येत नाही. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून जो तो आपला नेम साधत होता.

आणि मग ती बैठक झाली. मासळी ॲपवर कशी दाखवायची, हा प्रश्न होता. हर्षद उठून माझ्यापाशी आला आणि त्याने चौथ्या अडचणीवर बोट ठेवलं. म्हणाला, बघा, कमळकडे वजनकाटा नाही, तीच तिची अडचण आहे. आपण ती सोडवू. सगळी मासळी किलोवर दाखवू, म्हणजे गिऱ्हाइकाला भरवसा वाटेल आणि कमळलाही शिस्त लागेल. टाळ्या पडल्या. अक्षताही हसली. खरं सांगते मित्रांनो, त्या दिवशी मीही मनातून हुरळले. वाटलं, आपल्या अडचणीची कुणी एवढी दखल घेतली. ती अडचण माझी नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

ॲप सुरू झालं. केक कापला गेला. त्याच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर नव्या कामाचे तक्ते आले आणि मला उतरवून पाणी थंड करायच्या यंत्रामागे उभं केलं. तिथून खिडकी दिसत नव्हती. सर्वेश बाटली भरायला यायचा, पण काय ताजं, हे आता विचारायचा नाही. अक्षता रोज दोनदा यायची आणि माझ्याकडे न बघता पाणी पिऊन जायची. वर्ष गेलं, दुसरंही निम्मं सरलं. पहिला तुला दाखवीन, हा शब्द तिच्या लक्षात होता की नाही कोण जाणे. माझ्या मात्र होता. मी यंत्राची घरघर ऐकत मढची बाजू आठवायचे आणि ज्या बाईला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी झुरायचे.

एका सकाळी अक्षता पाणी घ्यायला आली असताना तिचा फोन वाजला. फोन वनमालाचा होता. जे झालं ते मला अक्षताच्या चेहऱ्यावरून आणि नंतर तिने सर्वेशला सांगितलं त्यावरून कळलं. मालाडच्या त्या दोन्ही इमारतींनी फेरीवाल्यांना वर सोडणं बंद केलं होतं. फाटकावरचा माणूस ॲपवरची मागणी दाखवली तरच आत सोडायचा. वनमालाने मुकाट्याने ॲप घेतलं. पण ॲप विचारणार किलो, आणि तिने आयुष्यात मासळी किलोवर विकलेली नव्हती. ती अंदाजाने आकडा भरायची. एका नव्या बिऱ्हाडाने घरच्या काट्यावर मासळी तोलली, कधी कमी भरली, कधी जास्त. तीन तक्रारी झाल्या आणि ॲपने आपोआप तिचं नाव बंद केलं. नाव बंद म्हणजे फाटक बंद. इतक्या वर्षांची नऊ घरं एका दिवसात तिला परकी झाली.

फोनचा आवाज मोठा होता. वनमालाचं एक बोलणं मी स्वतः ऐकलं. ‘पोरी, ते आमच्यासाठी बनवलंय म्हनालेलीस ना तू? मग मीच कशी त्याच्या भायेर?’

अक्षताने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग पलीकडून आवाज आला, ‘तू मना कायतरी दाखवनार व्हतीस. ते तरी आन.’

अक्षताने फोन ठेवला, वाकून यंत्रामागे हात घातला आणि मला बाहेर काढलं. माझ्यावर धुळीचा थर होता. तिने तो आपल्या ओढणीने पुसला. दीड वर्षाने मला कुणाचा हात लागत होता. तिने हर्षदला एवढंच सांगितलं की मी मढला जाते आहे, आणि मला काखेत मारून रिक्षात बसली. मार्वे रोडने रिक्षा निघाली तशी माझी काय अवस्था झाली ती शब्दांत सांगता येत नाही. खाडी आली, तिवरं आली, सुकत्या बोंबलांचा वास आला. माझ्या कागदावर ‘मढ’ असं छापलेलं होतं, आणि मी मढ पहिल्यांदाच बघत होते.

वनमाला घराबाहेरच्या ओट्यावर मासळी निवडत बसली होती. काळी-सावळी, ठेंगणी, पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू. हीच ती. माझं खरं वाक्य या तोंडातून आलं होतं. मला वाटलं, आता ही मला बघेल आणि ओळखेल. तिने हात पुसले, मला समोर धरलं आणि कितीतरी वेळ फोटोकडे बघत राहिली.

‘कोन हाय ही?’

अक्षता म्हणाली, ‘कमळ. तुम्हा पाच जणींची मिळून केलीय.’

‘पाच जनींची एक? मग बाकीच्या चौघी कुठं गेल्या?’ वनमाला हसली. मग साडीवर बोट टेकवून म्हणाली, ‘ही मी नाय गं. आमच्यातली कोनच नाय.’

मित्रांनो, जिची आयुष्यभर वाट बघितली तिने असं म्हटलं की कसं वाटतं, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी कागद आहे म्हणून फाटले नाही, एवढंच.

वनमाला सातवी शिकलेली. ती बोट फिरवत एकेक ओळ वाचू लागली. बर्फाला तिने मान डोलावली. गुडघ्यांना तर स्वतःच्या गुडघ्यावर हात मारला. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ‘वजनकाटा नाय. ही अडचन कोनाची?’

अक्षता खाली बघून म्हणाली, ‘एक ओळ रिकामी राहत होती.’

वनमाला रागावली नाही. तिने मला सरळ ओट्यावर आडवं टाकलं आणि माझ्यावर मासळी मांडायला घेतली. चार मांदेली इथे, कोळंबीची मूठ तिथे, दोन बोंबील त्या कोपऱ्यात. छोटे छोटे ढीग. याला वाटा म्हणतात. मासळीवाली काट्यावर तोलत नाही, वाटा लावते, हे मुंबईत मासे खाणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. मांडता मांडता ती सांगत होती. हा वाटा तिसऱ्या माळ्यावरचा, तिथे लहान मूल आहे म्हणून बिनकाट्याचा मासा. हा शेवटच्या घरचा, तिथली सून पोटुशी, तिला कोळंबी बाधते, म्हणून मांदेली. हे बोंबील दुसऱ्या माळ्याचे. आजोबांना दात नव्हते म्हणून ते बोंबील घ्यायचे. आजोबा गेले, पण आजी अजून बोंबीलच मागतात, म्हणून त्यांच्या वाट्यात हल्ली ती एक बोंबील कमी ठेवते आणि वर चार कोळंब्या टाकते, म्हणजे ताट रिकामं वाटत नाही.

‘हे किलोत कसं बसवू, सांग,’ ती म्हणाली.

अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हळूच म्हणाली, ‘आमच्या नाहूरलाही वाट्यानंच घ्यायचे. आई दारात उभी राहून वाटा बदलून मागायची. मी लहानपणापासून बघत आलेय, मावशी. म्हणूनच लिहिलं नाही. हे काय लिहायचं, असं वाटलं.’

माझ्या जन्मातली खरी चूक ही होती. जे अनोळखी होतं ते तिने टिपून घेतलं, आणि जे घरचं होतं ते वहीत उतरलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण म्हणतो, ते हेच. आणि मी त्या वाट्यांच्या खाली पडल्या पडल्या आणखी एक गोष्ट बघत होते. वनमालाच्या मनातही नऊ पर्सोना होत्या. पण तिने त्या भिंतीवर लावून ठेवल्या नव्हत्या. ती दिवसाआड त्यांचं दार वाजवायची, म्हणून आजोबा गेल्याचं तिच्या वाट्याला कळलं होतं.

शेवटचा वाटा लावताना तिचा हात माझ्या तळाशी आला. तिथे माझं वाक्य होतं. ती थांबली, ओठांतल्या ओठांत वाचलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला.

‘हे माझं हाय,’ ती म्हणाली. ‘हे मी बोललेली.’

तिने शेवटचा वाटा जरा बाजूला लावला. ते वाक्य झाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता हर्षदला आणि सर्वेशला घेऊन आली. हर्षद ओट्यावर बसला आणि कुठला वाटा कुणाचा ते त्याने वनमालाकडून समजून घेतलं, ही त्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. महिन्याभराने ॲपवर किलोच्या जोडीला वाटा आला. वाट्याचा फोटो आणि शेजारी तो लावणारीचा फोटो. वनमालाचं नाव पुन्हा सुरू झालं. नऊपैकी सहा घरं परत आली. दोन घरांनी दुसरीकडे मासळी लावली होती. आणि दुसऱ्या माळ्यावरच्या आजी त्या महिन्यात आपल्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या. त्यांचा निरोप वनमालाला घेता आला नाही. तेवढी चुटपुट तिला अजून आहे.

मला कार्यालयात परत नेलं नाही. वनमालाच म्हणाली, ही राहू दे, वाटे लावायला बरी. आता मी तिच्या पाटीत असते, बर्फावर झाकण म्हणून. ओट्यावर आडवी झाले की माझ्यावर वाटे लागतात. फोटोतली बाई आवरणात शिरलेल्या पाण्याने पुसट झाली, माझं वयही धुऊन गेलं. कधी मन झालं तर वनमाला मला चिडवते, ‘कमळे, जरा सरक.’ तिच्या त्या हाकेने मी सुखावते. मी ती नाही, पण तिची आहे.

एक ओढ मात्र राहिली आहे. अक्षता म्हणाली होती, आता मी दर रविवारी येत जाईन. दोन रविवार आली. मग कुठलं तरी नवं काम निघालं असेल, तिच्यासमोर भिंतीवर आता दुसरंच कुणी टांगलेलं असेल. मी तिला दोष देत नाही. पण मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुणासाठी काही बनवाल तेव्हा माझी एक विनंती ध्यानात ठेवा. माणसाला एकदा भेटून त्याचा कागद करू नका. केलाच, तर तो कागद घेऊन पुन्हा त्याच्या दारात जा. आजोबा गेलेले असतात, सून बाळंत झालेली असते, आणि कागद मात्र जुन्याच अडचणी सांगत बसतो.

आज रविवार आहे. वनमालाने सहा घरांचे सहा वाटे लावले. मग कोपऱ्यात सातवा लावला, तीन बांगड्यांचा. वनमाला सांगते, पहिल्या भेटीत बोलता बोलता अक्षता म्हणाली होती की तिला बांगडा फार आवडतो. तिने ते स्वतःच्या वहीत लिहिलं नसेल. वनमालाने लिहून ठेवलं नाही, तरी ती विसरली नाही. ऊन ओट्यावर आलं की ती त्या वाट्यावर ओलं फडकं टाकते आणि रस्त्याकडे बघते.

अक्षता, तुझा वाटा लावून ठेवला आहे गं.